हात थांबला पाहिजे

सरांच्या हातात काहीही द्या, चहाचा कप, खडू, हजेरीपत्रक, ते आधी दोन्ही तळहात पोकळ जुळवून हळूच दोनदा टाळी वाजवायचे आणि मगच वस्तू घ्यायचे. आरतीला वाजवतात तशी टाळी नव्हे. मऊ, समोरच्यालाच जेमतेम ऐकू येईल अशी. नव्याने आलेल्याला वाटायचं, म्हातारा थोडा सरकलाय. आमच्या शिपाईमामांनी तर सुरुवातीला चहा टेबलावर ठेवून लांबूनच 'घ्या' म्हणायचा शिरस्ता पाडला होता. पुढे नववीची मुलं कँटीनच्या खिडकीशी वडापाव घेताना तशीच टाळी वाजवायला लागली, आणि मी, शिस्तीची बाई, तरातरा सरांना जाब विचारायला गेले.

ते म्हणाले, "मलावीत म्हातारी माणसं असंच घेतात. देणाऱ्याला आधी दाखवायचं, माझे हात रिकामे आहेत."

मी भूगोल शिकवते. मलावी नकाशात कुठे आहे हे मला ठाऊक होतं, तिथली माणसं हातात कप कसा घेतात हे ठाऊक नव्हतं. माझा निम्मा राग तिथेच उतरला. उरलेला निम्मा मी ते असेपर्यंत जपून वापरला, कारण त्यांच्याशी भांडण्यात मजा यायची.

आमची शाळा पिरंगुटहून उरवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सेमी-इंग्रजी. एका बाकावर हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांचा मुलगा, शेजारी त्याच्या सोसायटीसाठी जमीन विकलेल्यांचा. मी स्वतः लातूरची, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेली, भरे गावात भाड्याने राहणारी. म्हणजे दोन्हीकडून उपरी. सर माझ्याहून उपरे. त्यांची उमेदीची सगळी वर्षं मलावीत, एका मोठ्या तळ्याकाठच्या शाळेत शिकवण्यात गेली होती. बायको तिथेच वारली. मूलबाळ नव्हतं. परत आले ते एका बॅगेनिशी, आणि जवळच्याच रिहे गावात, सगळे आक्का म्हणतात त्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी, वरची खोली घेऊन राहिले.

त्यांना शाळेत आणलं ते एका अभ्यासक्रमासाठी. संस्थेतल्या कुणाला तरी वाटलं, आपल्याकडे जागतिक काहीतरी हवं. हा आफ्रिकेत राहिलेला मास्तर आयता हाताशी होता. फाइलवर नाव पडलं, 'आफ्रिकन आणि आफ्रिकेतर साहित्य, इयत्ता नववी'. हे नाव वाचून सर स्टाफरूममध्ये इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट आफ्रिकेतर झाली. डब्यात आफ्रिकेतर मेथी. बाहेर आफ्रिकेतर ऊन. मला उशीर झाला की, "आज आफ्रिकेतर ट्रॅफिक होतं वाटतं?" प्राचार्यामॅडमना यात चेष्टा आहे हे कळायला बरेच दिवस लागले, आणि कळल्यावर त्यांना ती आवडली नाही.

पण अभ्यासक्रमाच्या बाबतीत हा माणूस काही चेष्टेवारी नेत नसे. त्यांची योजना अशी होती: गोष्टी जोडीजोडीने द्यायच्या. एक तिकडची, एक इकडची किंवा आणखी कुठली. नावं, गावं, देश, सगळं गाळायचं. गोष्टीतल्या माणसांनाही नाव नाही. म्हातारी, थोरला भाऊ, विहिरीवरची बाई, एवढंच. मुलांनी वर्षभर वाचायचं, वाद घालायचा, आणि कुठली गोष्ट कुठली हे शेवटच्या तासाला सांगायचं. तो तास माझा. मी जगाचा नकाशा टांगायचा आणि मुलांनी गोष्टींच्या गावांवर टिकल्या चिकटवायच्या. मी टिकल्यांची पाकिटं आणूनही ठेवली होती, मोठी, लाल.

मी त्यांच्याशी यावरून कडकडून भांडले. ज्या मुलांना नदी कुठून निघते हे सांगताना माझा घसा बसतो, त्यांना तुम्ही देशच सांगणार नाही?

"भूगोलबाई," ते म्हणाले, "देशाचं नाव आधी सांगितलं की मुलं गोष्ट ऐकत नाहीत. सहलीला निघतात. मलावीत मी इकडची गोष्ट सांगायला लागलो की तिथली मुलं विचारायची, हत्ती केव्हा येणार? त्या गोष्टीत एक माणूस आईच्या औषधासाठी दारोदार फिरतोय, आणि ही हत्तीची वाट बघतायत."

मी म्हटलं, तुमचा चहा निवतोय.

कुठली गोष्ट घ्यायची हे ठरवायची त्यांची रीत तर सांगायलाही लाज वाटेल अशी होती. ना कुठली समिती, ना निकष. संध्याकाळी आक्का ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या की सर खालच्या पायरीवर बसून गोष्ट वाचायचे. आक्कांचा हात निवडता निवडता थांबला तर गोष्ट अभ्यासक्रमात. नाही थांबला तर बाद. बस्स. आक्का काय बोलतात याला किंमत नव्हती. "लोक तोंडाने भलतंच बोलतात," ते म्हणायचे. "हात थांबला पाहिजे."

आक्का म्हणजे रिह्यातल्या जुन्या घराण्यातल्या, अंगाने काटक, बोलायला तोडून टाकणाऱ्या. एकदा सरांनी शहरातल्या एका दुःखी बाईची गोष्ट मोठ्या भक्तीने वाचली. आक्कांनी खडा उचलला, लांब फेकला आणि म्हणाल्या, "लई रडती ही. हिला काम न्हाई का काय?" गोष्ट बाद. दुसऱ्या दिवशी दोन सवतींची गोष्ट. एका मडक्यावरून भांडतात, नवरा मरतो, आणि मग ते मडकं दोघींनाही नको असतं. आक्कांचा हात सुपावर तसाच राहिला. ही आमच्याच भावकीतली दिसते, त्या म्हणाल्या. सरांनी ती कुठली हे त्यांनाही सांगितलं नाही. तिच्या जोडीला जात्याची वाटणी करणाऱ्या दोन भावांची मराठी गोष्ट बसली.

अशा एकेक जोड्या जुळत गेल्या. अडली ती एकच.

ती गोष्ट सरांना त्यांच्या बायकोने सांगितलेली होती. तिला ती तळ्याकाठच्या शेजारणीने सांगितली होती. कुठे छापलेली नाही, लेखक नाही; सरांनीच ती लिहून काढली होती. एका माणसाने टेकडीखालची जमीन विकली. त्या जमिनीत त्याच्या पूर्वजाला पुरलेलं होतं. घेणाऱ्याने कुंपण घातलं, फाटक लावलं. दरवर्षीच्या ठरल्या दिवशी त्या माणसाची म्हातारी आई ताटलीत नव्या धान्याचं जेवण घेऊन गेली. फाटकावरच्या राखणदाराने विचारलं, कुणाला भेटायचंय? तिने पूर्वजाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, या नावाचं इथे कुणी राहत नाही. तेव्हा म्हातारी फाटकाबाहेर रस्त्यावरच बसली, ताटली मांडली आणि आतल्याला मोठ्याने हाक मारली, मला आत सोडत नाहीत, तूच बाहेर ये. गोष्ट एवढीच.

सर मला हे डब्याच्या सुट्टीत सांगत होते. म्हणाले, दवाखान्यात शेवटी शेवटी बायको हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, आणि हाक मारायची जागा आली की खरंच हाक मारायची. नर्स धावत यायच्या. एवढं सांगून ते मेथीची भाजी चिवडत बसले. नेहमीसारखं आफ्रिकेतर काही म्हणाले नाहीत. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि आमच्याकडे बायका परक्या पुरुषाच्या खांद्यावर हात ठेवत नाहीत, म्हणून मी माझ्या डब्यातली चटणी त्यांना वाढली. त्यांनी टाळी वाजवली.

या गोष्टीला जोड सापडेना. किती पुस्तकं उलटली, आक्कांना कितीतरी वाचून दाखवलं. हीच गोष्ट वाचली तेव्हा मात्र आक्कांचा हात असा थांबला की त्यांनी सूप उचललं आणि निम्मे तांदूळ तसेच ठेवून आत निघून गेल्या. सरांना वाटलं, झालं, गोष्ट आत आली. जोड मिळेल पुढेमागे. त्यांनी ती तशीच, एकटी, नववीला वाचून दाखवली.

आता या नववीत आक्कांची नात होती, श्रावणी. तिने घरी जेवताना ती गोष्ट सांगितली. आणि तिचे वडील बाळासाहेब, आक्कांचा मुलगा, जेवणावरून उठले.

कारण बाळासाहेबांनी आदल्या वर्षी रिह्यातली टेकडीखालची जमीन फार्महाऊसला विकली होती. त्या जमिनीत त्यांच्या घराण्याच्या मूळ पुरुषाचा शेंदूर लावलेला दगड आहे. त्याला ते थोरला म्हणतात. भात झोडपून झालं की घरात नवा भात कुणी तोंडात घालायच्या आधी थोरल्याला नैवेद्य जातो. त्या वर्षी आक्का नैवेद्याचं पान घेऊन गेल्या तर गेटवरच्या वॉचमनने त्यांना अडवलं आणि बाळासाहेबांना फोन लावला. बाळासाहेब पुण्यात होते, फोन उचलला नाही; काय झालं ते त्यांना नंतर वॉचमनकडूनच कळलं. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. घरातही कुणी बोलत नव्हतं. आणि आता हे सगळं वर्गात, मुलांसमोर, घरच्याच भाडेकरूने वाचून दाखवलं होतं. म्हातारी, फाटक, राखणदार, नवं धान्य. नाव तेवढं नव्हतं, आणि नाव नसल्यामुळेच ती गोष्ट त्यांची होती. दुसऱ्या कुणाला असं वाटणं शक्य नव्हतं. त्यांना दुसरं काही वाटणं शक्य नव्हतं.

पालकसभा दिवाळीनंतर होती. अभ्यासक्रम पुढे ठेवायचा की नाही हे तिथेच ठरायचं होतं. न ठेवला तर सरांचं कामही संपणार होतं. प्राचार्यामॅडमनी त्यांना आधी बोलावून सांगितलं होतं की गोष्टीच्या वर देशाचं नाव घाला, प्रकरण मिटेल. सर नाही म्हणाले. मीही समजावलं. मलाही नाही म्हणाले. वर्षाच्या शेवटी सांगीन, त्याआधी नाही. काम गेलं तरी चालेल. मी म्हटलं, हट्ट आहे हा. ते म्हणाले, आहे.

सभेत बाळासाहेब उभे राहिले. मला वाटलं होतं आरडाओरडा करतील. पण ते खाली बघून हळू बोलले.

"आमच्या घरातलं तुमी वर्गात वाचलं," ते म्हणाले. "आईनं तुमाला सांगितलं आसंल. तुमी हितं ऱ्हाता, आमच्याच घरात. मी आईसंगं बोलत न्हाई तवाधरनं. तिच्या हातचं जेवत बी न्हाई."

सर खुर्चीत बसून होते. मी त्यांच्या शेजारी होते, म्हणून त्यांचा पडलेला चेहरा मला दिसला. आपल्या हट्टापायी काम जाईल, हे त्यांनी धरलेलंच होतं. आक्कांचं जेवण मुलाने सोडलंय हे त्यांना माहीत नव्हतं. त्याच घरात वर राहून माहीत नव्हतं. ते उठले आणि आफ्रिकेतलं की आफ्रिकेतर या ज्या वाटणीला ते इतके महिने हसत आले होते तिच्याच आसऱ्याला गेले.

"बाळासाहेब, ती गोष्ट आफ्रिकेतली आहे. मलावीतली. माझ्या बायकोने मला सांगितलेली. तुमच्या आईने मला कधीच काही सांगितलं नाही. ती तुमची गोष्ट नाही."

सभागृहात सगळे सैल झाले. कुणीतरी हसलंसुद्धा, अहो मग काय, आफ्रिकेतली. बाळासाहेब खाली बसले आणि रुमालाने चेहरा पुसत राहिले. अभ्यासक्रम मंजूर झाला. प्रत्येक गोष्टीवर देशाचं नाव घालायचं ठरलं आणि वर, आफ्रिका दिवस साजरा करायचंही ठरलं. पुठ्ठ्याचे मुखवटे, ढोल, पताका. पुढच्याच तासाला वर्गात एकाने विचारलं, सर, त्या म्हातारीच्या गावात वाघ आहेत का? वाघ आफ्रिकेत नसतात हेही मीच त्याला शिकवलेलं होतं.

त्या सभेच्या संध्याकाळी मी सरांना स्कूटरवरून रिह्याला सोडलं. आक्का ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. सर नेहमीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, मी सांगून टाकलं. ती गोष्ट लांबची आहे, समुद्राच्या पलीकडची. बाळासाहेबांचा गैरसमज झाला होता.

आक्कांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजी तिलाबी आडवलं व्हय?"

"हो."

"एकलीच हुती?"

"एकटीच."

सर्वांना जी गोष्ट लांबची झाली म्हणून सुटल्यासारखं वाटलं होतं, ती आक्कांना तेव्हा कुठे जवळची झाली होती. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. वॉचमन काय म्हणाला, किती वेळ उभ्या राहिल्या, पान परत आणून गाईला कसं घातलं आणि घरात येऊन थोरल्याला पोचलं म्हणून कसं खोटं सांगितलं.

"मला का सुचलं न्हाई वं मास्तर, भायेर मांडायचं?" त्या म्हणाल्या. "तिला सुचलं. आमचा थोरला उपाशी ऱ्हायला."

सरांनी दोन्ही तळहात जुळवले आणि हळूच टाळी वाजवली. हातात काही नव्हतं.

मला स्कूटरपर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. म्हणाले, "भूगोलबाई, जोड मिळाली." मग घाला की अभ्यासक्रमात, मी म्हटलं. नाही, म्हणाले, ती आक्कांची आहे. त्या बिचाऱ्या माणसाला मी परत सभेत उभं करू का? आणि त्या गोष्टीच्या जोडीची जागा त्यांनी रिकामीच ठेवली.

थंडीत त्यांची छाती भरली. पुण्याच्या दवाखान्यात मी दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला मी मोसंबी पुढे केली, सर सलाइनच्या हाताने टाळी वाजवायला गेले आणि नळी ओढली गेली, तर नर्स मलाच रागावली. मोसंबी तशीच राहिली. त्या आठवड्यात ते गेले. पुतण्या परदेशातून पोचू शकत नव्हता. अग्नी कुणी द्यायचा म्हणून माणसं घुटमळत होती, तेव्हा बाळासाहेब पुढे झाले. त्यांनीच पुढचं सगळं केलं. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

अस्थी रिह्याच्या ओढ्यात सोडल्या. सरांच्या बायकोच्या अस्थी मलावीतल्या त्या तळ्यात सोडल्या होत्या. त्या तळ्याचं पाणी झांबेझीतून हिंदी महासागराला जातं. आमचा ओढा मुळेला, मुळा भीमेला, भीमा कृष्णेला, कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. मी ओढ्याकाठी उभी राहून एवढं मनात जुळवलं. पण वाटेत धरणं किती आहेत तेही मला ठाऊक आहे, म्हणून पुढचं जुळवत बसले नाही.

मार्चमध्ये शेवटचा तास आला. मी नकाशा टांगला, टिकल्या वाटल्या. प्रत्येक पानावर देश छापलेलाच होता. मुलं रांगेने आली आणि टिकल्या लावून गेली. सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. एवढी बरोबर उत्तरं बघून मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. श्रावणीने मलावीवर टिकली लावली आणि विचारलं, "बाई, हिची जोडी कुठाय?" मी म्हटलं, सरांना सापडली नाही. दुसरं काय सांगणार होते?

पुढली दिवाळी सरल्यावर आक्कांचा निरोप आला, नवा भात झालाय, या. मी गेले तर त्या निघालेल्याच होत्या. बाळासाहेब बरोबर, श्रावणी बरोबर. फार्महाऊसच्या गेटवर नवा वॉचमन होता. त्याने विचारलं, "किससे मिलना है?"

बाळासाहेबांनी घाईने फोन काढला. मालकाशी त्यांनी आधीच बोलून ठेवलं होतं. एक फोन केला की गेट उघडणार होतं.

"फोन ऱ्हाऊंदे," आक्का म्हणाल्या.

त्या गेटबाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसल्या. पळसाच्या तीन पत्रावळी मांडल्या, तिन्हींवर नव्या भाताची मूद, वर तूप. वॉचमन इधर नहीं, मांजी, म्हणत जवळ आला. बाळासाहेबांनी त्याला हाताने थांबवलं. आक्कांनी गेटाकडे तोंड केलं आणि शेताच्या बांधावरून हाक मारतात तसा आवाज लावला.

"थोरलं, या वं भायेर. मला आत सोडत न्हाईत, तवा तुमीच या."

मग दुसरं पान पुढे सरकवलं.

"तूबी ये गं बाई, तुलाबी आडवलेलं. लई लांबनं आलीस. बस हितं माज्याजवळ."

तिसऱ्या पानापाशी त्या थांबल्या. हात तसाच राहिला. मग त्यांनी दोन्ही तळहात पोकळ जुळवले आणि हळूच दोनदा टाळी वाजवली. ती घेणाऱ्याने वाजवायची असते, पण घेणारा नव्हता, म्हणून त्याच्या वतीने.

"मास्तर, जेवा आता," त्या म्हणाल्या, आणि मला रडू आवरलं नाही.